वनवास आणि वानप्रस्थ

वाचकाच्या वयोमानाप्रमाणे वाङ्मयाचे विभाग पाडण्याची चाल आपल्या मराठीत फार जुनी म्हणता यावयाची नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक सुरू केले व वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' काढला, तेव्हापासून मुलांसाठी म्हणून काही निराळे लिहावयाचे असते ही कल्पना आपल्या सुशिक्षित घरांत रुजली. पुढे बालवाङ्मय आणि प्रौढ वाङ्मय यांच्या दरम्यान एक मधला पट्टा दिसू लागला. परीराणीच्या गोष्टींना कंटाळलेला, परंतु हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील संसाराची दुःखे अद्याप न उमगणारा जो दहा ते सोळा वर्षांचा वाचक, त्याच्यासाठी लिहिलेले हे वाङ्मय होय. ह्यालाच आपण कुमारवाङ्मय म्हणू लागलो. पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले, तेव्हा ह्या वयाला सरकारी मान्यताही मिळाली असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या लेखिकेने स्वतः विशीच्या आत असताना लिहिलेली 'द आउटसायडर्स' ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि तिकडेही हा विभाग पक्का झाला.

परंतु विभाग पाडणाऱ्यांनी ज्याच्यासाठी तो पाडला, तोच वाचक त्यात राहिला असे मात्र झाले नाही. २०१२ साली बाऊकर ह्या अमेरिकन संस्थेने केलेल्या पाहणीत असे आढळले, की कुमारांसाठी म्हणून छापलेली पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते, आणि त्यांतील पुष्कळसे ती स्वतःसाठीच घेत होते. दोन वर्षांनी रूथ ग्रॅहम ह्या लेखिकेने 'स्लेट' ह्या नियतकालिकात ह्या प्रौढांची चांगलीच हजेरी घेतली. मुलांची पुस्तके वाचताना मोठ्या माणसांस थोडी लाज वाटावयास हवी, कारण त्यांत शेवट गोळीबंद असतो, जगाकडे कुमाराच्याच नजरेने पाहिलेले असते आणि त्या नजरेची परीक्षा कोणी करीत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. उलट पक्षी, मुलांची जी गोष्ट केवळ मुलांनाच आवडते ती गोष्टच चांगली नव्हे, असे सी. एस. लुइस यांनी १९५२ सालीच सांगून ठेवले होते. दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढे तिशी-चाळिशीतला वाचक होता. आम्हांस येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो वाचक साठी-सत्तरी ओलांडलेला आहे. आणि त्याच्या हातात कुमारवाङ्मयाचे पुस्तक येते ते बहुधा ग्रंथविक्रेत्याच्या दुकानातून येत नाही, तर घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेतून बाहेर पडते.

घर आवरणे हा शब्द आम्ही नेहमीच्या केरवाऱ्याच्या अर्थाने योजीत नाही. मोठे घर सोडून लहान घरात जाण्याचा विचार मध्यमवर्गातील वृद्ध दांपत्यांपुढे आज सर्वत्र उभा आहे. आम्ही राहतो ते मलकापूर ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आगाशिवच्या लेण्यांच्या पायथ्याशी, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून हाकेच्या अंतरावर असलेले हे एके काळचे खेडे आता कऱ्हाडाला जवळजवळ चिकटले आहे. चोवीस तास मीटरने पाणी देण्याच्या योजनेमुळे त्याचे नाव देशभर झाले. मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय येथेच आहे. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतला वाडा किंवा शेतातले घर बंद करून येथे दोन खोल्यांच्या सदनिकेत येणारे वृद्ध आम्ही पाहतो, तसेच येथला बंगला आता झेपत नाही म्हणून मुलाकडे पुण्याला जावे की काय ह्या विवंचनेत असलेलेही पाहतो. दोघांची अडचण एकच असते. भांडी वाटून टाकता येतात, पाट-चौरंग कोणास तरी देता येतात, जाते आणि उखळ कोणी नेत नाही म्हणून अंगणातच राहते. पुस्तकांपाशी आले म्हणजे मात्र हात अडतो.

मार्गारेटा मॅग्नुसन ह्या स्वीडिश चित्रकर्तीने २०१७ साली ह्याच विषयावर एक पुस्तक लिहिले. आपल्या पश्चात मुलाबाळांस निस्तरावे लागू नये म्हणून माणसाने हयातीतच आपले सामानसुमान कमी करावे, हा त्या पुस्तकाचा विषय. त्यांचा एक सल्ला व्यवहारदृष्ट्या उत्तम आहे : प्रारंभ मोठ्या वस्तूंपासून करावा, पत्रे आणि छायाचित्रे यांना अगदी शेवटी हात लावावा, कारण एकदा का ती उघडली की काम तेथेच थांबते. आमच्या मते कुमारवयातील पुस्तकांची जागा ह्या दोहोंच्या मधोमध आहे. ती कपाटासारखी नुसती वस्तू नव्हेत आणि पत्रासारखी सर्वस्वी खाजगीही नव्हेत. ज्ञानकोशाचे खंड, बांधलेली मासिके, प्रवासवर्णने ही सारी ग्रंथालयास देताना मनास फारसे लागत नाही. कारण ती पुन्हा पाहावयाची झाल्यास तेथे जाऊन पाहता येतील अशी आपली समजूत असते. परंतु बारा वर्षांच्या वयात ज्यावर आपण पोट टेकून वाचीत पडलो ते पुस्तक देण्यापूर्वी एकवार उघडले जाते, आणि उघडले की वाचले जाते.

असे वाचन करताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली व तीच ह्या लेखाचे निमित्त आहे. मराठीतील नावाजलेल्या कुमारकथांचा नायक बहुतेक वेळा स्वतःच्या घरी नसतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या निराधार मुलगा म्हणून परक्या घरी येतो व त्या घरचा होतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचे घर सोडून पुण्यास विद्याभवनच्या वसतिगृहात राहतो. साने गुरुजींचा श्याम शिक्षणासाठी गावोगाव हिंडतो, आणि तो दूर असतानाच घरावर संकटे कोसळतात. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडील व भावंडे यांच्यापासून दूर, आजीआजोबांच्या घरी वाढतो. अर्थात कुमारवाङ्मय हे मुळात घर सुटण्याचे वाङ्मय आहे. मुलाला ते पुढे काय होणार ह्या उत्सुकतेने वाचता येते. घर सोडण्याच्या बेतात असलेल्या म्हाताऱ्याला त्याच पुस्तकांत स्वतःचा प्रश्न लिहिलेला आढळतो. ह्या तीन पुस्तकांनी, किंवा पुस्तकमालांनी, त्या प्रश्नाचे उत्तर कसे दिले आहे ते आता पाहू.

'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. बेचाळीस रात्रींच्या ह्या कथनाविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे, की नव्याने काही म्हणणे कठीण. मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र म्हणून तिचा गौरव झाला. अश्रूंचा अतिरेक म्हणून तिची थट्टाही झाली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिच्यावर चित्रपट काढला व त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. परंतु ह्या पुस्तकाच्या कथानकाचा कणा घर आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. सुखवस्तू खोताचे मोठे एकत्र घर, मग वाटणी, मग माहेरच्या माणसांच्या आसऱ्याला राहणे, मग त्या आसऱ्यातील टोचणी असह्य झाल्यावर स्वतःच्या जागेवर उभारलेली गवताच्या छपराची झोपडी, आणि शेवटी कर्जापायी त्या सर्वांवर आलेली जप्ती : आईचे आयुष्य ह्या पायऱ्यांनी उतरत जाते. मुलांनी ते वाचताना आईच्या उपदेशाकडे पाहावे अशी लेखकाची अपेक्षा. उतारवयात वाचताना आम्हांस त्या झोपडीचे प्रकरण सर्वांत मोलाचे वाटले. दुसऱ्याच्या प्रशस्त घरात मिंधेपणाने राहण्यापेक्षा स्वतःचे चार हातांचे छप्पर बरे, हा तेथील आईचा आग्रह आहे, आणि त्या आग्रहात रडणे नाही. साऱ्या पुस्तकात ती इतकी ताठ क्वचितच उभी राहिली असेल.

मुलाच्या आलिशान सदनिकेतील एक खोली की स्वतःच्या लहानशा घराच्या दोन खोल्या, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांस ह्या प्रकरणाचे मर्म निराळे सांगावयास नको. तथापि येथे टीकाकाराने आपले कर्तव्य विसरता कामा नये. गुरुजींनी ह्या उतरंडीला पावित्र्याचा असा काही रंग दिला आहे, की घर लहान होत गेले तसतशी आई मोठी होत गेली असे वाचकास वाटू लागते. दारिद्र्याने माणूस मोठा होतोच असे नाही. पुष्कळदा तो खचतो, आणि पुस्तकातील आईदेखील शेवटी देहाने खचलेलीच आहे. लहान घरात जाणे म्हणजे आपोआप त्याग, व त्याग म्हणजे आपोआप मोठेपणा, हे समीकरण वृद्धांच्या गळी उतरवण्यास त्यांची मुले फार उत्सुक असतात. आईने झोपडी मागितली ती स्वतः. तिला कोणी तेथे नेऊन ठेवले नव्हते. हा भेद पुस्तकात स्पष्ट आहे, परंतु उपदेशाच्या ओघात तो हातचा निसटतो. सक्तीने झालेली घसरण आणि स्वेच्छेने घेतलेला संकोच ही दोन्ही एकाच करुण सुरात सांगितली गेल्यामुळे पुस्तकाचे नैतिक बळ, आमच्या मते, काहीसे उणावले आहे.

फास्टर फेणेची गोष्ट अगदी निराळी. भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० चा. त्यांनी १९५१ पासून काही वर्षे 'बालमित्र' मासिक चालवले आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. त्यांचा बनेश फेणे राम वाईरकरांच्या चित्रांसह ज्या पिढीने वाचला ती पिढी आज साठीच्या घरात आहे, आणि पेन्शनीच्या कागदांबरोबरच ह्या पुस्तकांचा गठ्ठाही अजून तिच्या कपाटात आहे. अंगाने काटकुळा, सायकलवर स्वार, संकटाचा वास आला की तिकडे धावणारा हा मुलगा सामानाच्या बाबतीत संन्याशासारखा आहे. वसतिगृहाची एक खाट, एक पेटी आणि एक सायकल एवढी त्याची मालमत्ता. भागवतांची भाषा चटपटीत, प्रसंगांची जुळणी नेटकी, आणि विनोद कोणाला न बोचणारा. आपल्या पोक्त वाचकास ही पुस्तके पुन्हा हाती घेताना जो हलकेपणा वाटतो तो ह्या निःसंगपणाचा आहे. ओझे नसले की माणूस लवकर धावतो, एवढे साधे सत्य ती सांगतात.

परंतु म्हातारपणी ही पुस्तके फार वेळ पुरत नाहीत, हेही सांगणे प्राप्त आहे. फेण्याला घराची आठवण येऊन झोप लागली नाही अशा रात्री त्या मालेत आम्हांस आढळल्या नाहीत. चोर पकडले जातात, कट उघडकीस येतो, शाबासकी मिळते आणि पुढच्या पुस्तकात तोच मुलगा त्याच वयाचा पुन्हा हजर असतो. ग्रॅहमबाईंचा गोळीबंद शेवटांविषयीचा आक्षेप कोठे लागू पडत असेल तर तो येथे लागू पडतो. मुलांच्या दृष्टीने हा दोष नव्हे; साहसकथेचा तो धर्मच आहे. ज्याला घर सोडताना भिंतीवरची उंचीची पेन्सिलखूण दिसते, त्याच्या प्रश्नाला मात्र ह्या मालेत उत्तर नाही. फेण्याने काही गमावलेलेच नाही. म्हणून ही पुस्तके कोणास तरी द्यावयाची असतील तर ती आनंदाने द्यावीत, आणि ज्याचे पाय धावण्याजोगे आहेत अशा मुलासच द्यावीत. ह्या पुस्तकांना कपाटात बंद राहणे शोभत नाही.

आता संतांकडे वळू. प्रकाश नारायण संत हे कऱ्हाडचे, म्हणजे आमच्या अगदी शेजारचे. जन्म १९३७ चा. व्यवहारातील नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. ना. मा. संत आणि इंदिरा संत ह्या कविदांपत्याचे ते चिरंजीव. वडील १९४६ साली, म्हणजे हा मुलगा नऊ वर्षांचा असताना, वारले. पुढे ते कऱ्हाडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत. लंपनची पहिली कथा १९६० नंतरच्या दशकात 'सत्यकथे'त आली, आणि मग सुमारे तीस वर्षे त्यांनी ह्या मुलाविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही. 'वनवास' हा संग्रह १९९४ साली निघाला तेव्हा लेखकाचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. पाठोपाठ 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' आले, आणि २००३ साली अपघाताने त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले होते. खडकांच्या थरांचा अभ्यास ज्याने आयुष्यभर केला त्या माणसाने स्वतःच्या बालपणाला हात घालण्यासाठी इतका काळ जाऊ दिला, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाही.

ह्या कथा कुमारवाङ्मयात घालाव्यात की नाही ह्याविषयी रसिकांत मतभेद आहे. त्या प्रथम प्रौढांच्या मासिकात आल्या व प्रौढांनीच त्या डोक्यावर घेतल्या हे खरे. परंतु त्यांचा नायक कुमार आहे, निवेदन त्याच्याच तोंडी आहे, आणि आमच्या पाहण्यातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी त्या आवडीने वाचल्या आहेत. लंपनचा वनवास हा की त्याला आईपासून दूर आजीच्या घरी राहावे लागते. पहिल्या काही पानांत ते घर परके असते. पुढे शाळा, गाण्याचा वर्ग, सुमीची मैत्री, झाडे, पाऊस, रस्त्यावरची माणसे ह्यांतून ते परकेपण इतके नकळत विरघळते, की वनवासाचेच घर केव्हा झाले हे मुलालाही कळत नाही व वाचकालाही कळत नाही. आईकडे गेला की त्याला आजीचे घर आठवते, आजीकडे असला की आई आठवते. संतांनी ही दुहेरी ओढ कोठेही समजावून सांगितलेली नाही. वासांतून, आवाजांतून आणि मुलाच्या कानडी वळणाच्या बोलण्यातून ती आपोआप कळते. गोळीबंद शेवट येथे नाही; कथा थांबते तेव्हा पोटात काही तरी हललेले असते एवढेच.

घर सोडू पाहणाऱ्या वृद्धास ह्या कथांनी जे मिळते ते श्याम किंवा फेणे यांच्याकडून मिळत नाही, असे आमचे निश्चित मत झाले आहे. घर म्हणजे भिंती व सामान असे आपण धरून चालतो, म्हणून ते सुटताना सर्वस्व सुटल्यासारखे वाटते. लंपनच्या बाबतीत घर हे सवयींचे बनलेले आहे. सकाळी कोणाचा आवाज प्रथम कानी येतो, कोणत्या वळणावर पाय आपोआप हळू होतात, कोणाच्या हाकेला उत्तर द्यावेसे वाटते, यांचे ते बनलेले आहे. अशा सवयी नव्या जागी पुन्हा जडतात, परंतु त्यांस वेळ लागतो आणि मधल्या काळात दुःख होते. हे दोन्ही संतांनी खरे खरे सांगितले आहे. बारा वर्षांच्या मुलाला जे जमले ते बहात्तर वर्षांच्या माणसाला जमेल काय, हा प्रश्न मात्र कथेबाहेरचा आहे. मुलापाशी वेळ पुष्कळ असतो. म्हणूनच जाणे असेल तर हातपाय धड असतानाच जावे, नव्या गल्लीतील किराणावाला व फुलवाली आपल्याला नावाने ओळखू लागेपर्यंत अवधी मिळावा, असा व्यावहारिक निष्कर्ष आम्ही ह्या ललित पुस्तकातून काढला, तर संतांचे भक्त आम्हांस क्षमा करतील अशी आशा आहे.

संतांच्या लेखनातही उणिवा आहेत. चारही संग्रह सलग वाचले असता लंपनच्या बोलण्यातील ठराविक लकबी पुनःपुन्हा येऊन त्यांचा नवेपणा उडतो. गतकाळाची गोडी कोठे कोठे इतकी दाट होते, की त्या काळातील कडू गोष्टी तळाशी बसून राहतात. परंतु सर्वांत महत्त्वाची उणीव निराळी आहे, आणि ती एकट्या संतांची नसून आपल्या सर्व कुमारवाङ्मयाची आहे. लंपनचे आजीआजोबा किती जिवंत उतरले आहेत! तरीही ते आपणांस दिसतात ते मुलाच्या उंचीवरून. उतारवयात, संसारातून अंग काढून घ्यावयाच्या दिवसांत, त्यांनी एक वाढते पोर पुन्हा घरात घेतले. त्यांस काय वाटले असेल? मनुस्मृतीत गृहस्थास असे सांगितले आहे, की अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचे तोंड पाहिले, म्हणजे त्याने वनाचा रस्ता धरावा. ह्या आजीआजोबांनी नातवाचे तोंड पाहिले आणि वानप्रस्थ पुढे ढकलला. मुलाचा वनवास आणि म्हाताऱ्यांचा रद्द झालेला वानप्रस्थ एकाच छपराखाली नांदत होते. कथांतून त्यांपैकी पहिला पूर्णपणे सांगितला आहे, दुसरा आपण ओळींच्या मधून वाचावयाचा आहे.

ग्रॅहमबाईंच्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर येथे मिळते. कुमाराच्या नजरेची परीक्षा पुस्तकात कोणी करीत नाही असे त्या म्हणतात. न करो, वृद्ध वाचक ती स्वतः करतो. बारा वर्षांचे असताना आपण श्यामबरोबर रडलो आणि पुढे लंपनबरोबर हिरमुसलो. आता तेच पान वाचताना आपले लक्ष स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईकडे जाते, कर्जाचा कागद हाती धरलेल्या बापाकडे जाते, रात्री मूल झोपल्यावर कुजबुजणाऱ्या आजीआजोबांकडे जाते. लेखकाने त्यांना बाजूला उभे केले होते. वाचकाच्या वयाने त्यांना मध्यभागी आणले. असे वाचन पोरकट म्हणता येणार नाही. उलट जे पुस्तक असे दोनदा, दोन टोकांकडून वाचता येते तेच टिकाऊ, ही कसोटी आम्ही सुचवितो. त्या कसोटीवर फास्टर फेणे एकदाच उतरतो, 'श्यामची आई' दोनदा उतरते, आणि लंपन दर वाचनाला काही नवे देतो.

एक पुस्तक मात्र आम्हांस कोठेच सापडले नाही. आजीआजोबांनी राहते घर सोडले, आणि सुटीत नातवंडे आली तेव्हा त्यांना ते घर दिसलेच नाही, ही घटना आज कितीतरी कुटुंबांत घडते. मे महिन्यात जेथे आंबे पिकत घातले जात ती खोली गेली, पोटमाळा गेला, झोपाळ्याचे कडे तेवढे परक्याच्या आढ्याला राहिले. त्या मुलांच्या दृष्टीने पहिले मोठे नुकसान हेच असते, आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारीत नाही. व्यवहार मोठ्यांचा, दुःख दोन्ही पिढ्यांचे. ह्या विषयावर मराठीत एखादी सरस कुमारकादंबरी असावयास हवी. आपल्या लेखकांनी अद्याप सहल, शाळा, भूत आणि चोर यांच्याभोवतीच फेऱ्या घातल्या आहेत. घर विकले जाते तेव्हा बारा वर्षांच्या मुलीस काय दिसते, आजोबा कोणती वस्तू दोनदा उचलून परत ठेवतात, हे ज्याला लिहिता येईल त्याला एकाच वेळी दोन पिढ्यांचे वाचक लाभतील.

प्रत्यक्ष व्यवहाराविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. घर लहान करण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा व तो स्वतःच्या पायांवर उभा असताना घ्यावा. मुलांच्या नावे सर्व काही करून देण्याची घाई करू नये. दिल्यानंतर सांभाळ झाला नाही तर तशा अटीवर दिलेले परत मागण्याची सोय २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने केली आहे खरी, परंतु पोटच्या मुलाविरुद्ध अधिकाऱ्यापुढे उभे राहण्याची वेळ येऊ न देणे हेच शहाणपण. पुस्तकांच्या बाबतीत आमची सूचना अशी. 'श्यामची आई' निःशंकपणे द्यावी; साने गुरुजींच्या निधनास साठ वर्षे होऊन गेल्यामुळे २०११ पासून ती कोणालाही छापता येते, आणि कोणत्याही गावात ती स्वस्तात मिळते. फास्टर फेणे धावत्या मुलांना द्यावा. नातवंडे इंग्रजी शाळेत शिकून मराठी अडखळत वाचीत असतील तर पुस्तक नुसते देऊ नये, पहिली वीस पाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत. पुढची ती स्वतः वाचतील किंवा वाचणार नाहीत. बाकीची गावच्या वाचनालयात जावीत, तेथे त्यांना हात लागत राहील.

लंपनचे चार संग्रह तेवढे नव्या घरी न्यावेत. चारांची मिळून जाडी वीतभरही नाही, दोन खोल्यांच्या सदनिकेत त्यांना सहज जागा होईल. नव्या जागी पहिले काही महिने झोप नीट लागत नाही असा सर्वांचाच अनुभव आहे. अशा रात्री ती उशाशी असावीत. आपल्या आधी एक लहान मुलगा ह्याच वाटेने गेला आहे, त्यालाही ते घर प्रथम परके वाटले होते, आणि मग वाटेनासे झाले, एवढे त्यांच्यावरून ध्यानात राहिले तरी पुरे आहे.